क्वीनची गाणी स्टेजवर: फ्रेडीचे वरचे सूर कसे सांभाळायचे?

तिसरी_घंटा: कॉलेजच्या बँडला क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या गाण्यांचा २० मिनिटांचा सेट बसवायचाय. गायक बॅरिटोन (मध्यम-खालच्या पट्टीचा पुरुषी आवाज), जोरात जी४ पर्यंत (पियानोच्या मधल्या सी च्या वरचा जी) जातो. 'वुई आर द चॅम्पियन्स'च्या ध्रुवपदात आवाज फाटतो. पट्टी उतरवावी का? आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तला ऑपेरा, म्हणजे मधला अनेक आवाजांचा भाग, चौघांत जमेल?

काळी_दोन: 'चॅम्पियन्स' सी मायनर पट्टीत सुरू होतं, ध्रुवपद एफ मेजरमध्ये. वरचा सूर सी५, म्हणजे तुमच्या जी४ च्या पाच सेमीटोन (अर्धस्वर) वर. दोन सेमीटोन उतरवून भागणार नाही आणि पाच उतरवले तर सुरुवातीचा भाग खर्जात बुडेल. त्यापेक्षा क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीचाच मार्ग धरा. रेकॉर्डवरचा वरचा सूर तो कार्यक्रमात बऱ्याचदा टाळायचा आणि चाल खाली वळवायचा. त्याच्या स्वरतंतूंवर गाठी होत्या, शस्त्रक्रिया त्याने करून घेतली नाही. दौऱ्यात रोज स्टुडिओसारखं गाणं परवडणारं नव्हतंच. वरची बाजू ड्रमर रॉजर टेलर सांभाळायचा. तुमच्या ड्रमरला माइक द्या. गाता येत नसेल तर कीबोर्डवाल्याला.

टेपवाला: ऑपेऱ्याचा नाद सोडा. १९७५ साली फ्रेडी, गिटारवादक ब्रायन मे आणि टेलर या तिघांनी २४ ट्रॅकच्या (वेगवेगळे आवाज शेजारी शेजारी नोंदवायच्या २४ पट्ट्यांच्या) टेपवर आवाजांचे थरावर थर चढवले. जागा करायला अनेक ट्रॅक एकात उतरवायचे, पुन्हा गायचं. टेप इतकी झिजली की आरपार दिसायला लागली. स्टेजवर क्वीनसुद्धा तो भाग टेपवर लावून आत निघून जायचे! १३ जुलै १९८५ ला लाइव्ह एड या मदतनिधी मैफलीत त्यांनी फक्त संथ भाग घेतला आणि थेट 'रेडिओ गा गा' सुरू केलं. तुम्हीही तेच करा.

काळी_दोन: हो, आणि तो संथ भाग बी फ्लॅट, ई फ्लॅटमध्ये आहे. फ्रेडी मुळात पियानोवाला, पाचगणीच्या शाळेतल्या बँडमध्येही पियानोच वाजवायचा. अशा पट्ट्यांत गिटारला मोकळ्या तारा फारशा मिळत नाहीत, बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरून हात भरतो. तिथे गिटार गप्प ठेवा, सोलोला आणा.

टेपवाला: मध्ये 'क्रेझी लिटिल थिंग कॉल्ड लव्ह' घ्या. १९७९ मध्ये म्युनिकला फ्रेडीने गिटारवर बांधलेलं, डी मेजरमध्ये. कॉर्ड साधे, गळ्याला विसावा. 'चॅम्पियन्स' शेवटी. आणि आदल्या दिवशीच्या तालमीत गायकाला पूर्ण आवाज लावू देऊ नका.