आजोबांच्या ट्रंकेत चांदणीची पावती : स्वतंत्र पक्ष महाराष्ट्रात का रुजला नाही?

पाटीपेन्सिल

गावचं घर आवरताना आजोबांची लोखंडी ट्रंक उघडली. जुने सातबारे, सोसायटीचं पासबुक, एका लग्नपत्रिकेत गुंडाळलेली सोडचिठ्ठी (कोणाची, ते आई सांगत नाही) आणि एक गुलाबी पावती. वर चांदणी, खाली 'स्वतंत्र पक्ष', देणगी रुपये दोन, जानेवारी १९६२. आजोबा निफाडकडचे कांदेवाले शेतकरी, जन्मभर काँग्रेसच्या बैलजोडीवर शिक्का मारणारे. त्यामुळे चक्रावलो.

शोधाशोध केली तर कळलं की पक्ष बारकासारका नव्हता. १९६२ ला लोकसभेत १८ खासदार, १९६७ ला ४४, म्हणजे तेव्हाचा सगळ्यात मोठा विरोधी पक्ष. १९७४ ला चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन होऊन संपला. पण त्या ४४ मध्ये महाराष्ट्राचा एकही नाही! स्थापनेचं अधिवेशन १९५९ च्या ऑगस्टमध्ये चक्क मुंबईत झालं होतं. मग आपल्याकडेच का रुजला नाही? आणि हा खरंच उदारमतवादी होता की नुसतं नाव? जाणकारांनी सांगा.

कडूकारले

सोपं आहे. शेठजी आणि राजेसाहेबांचा पक्ष. जयपूरच्या गायत्रीदेवी, बिहारात रामगढचे राजे, ओरिसात सिंगदेव. १९६२ ला गायत्रीदेवींना २,४६,५१६ पैकी १,९२,९०९ मतं पडली, ती काय खुल्या बाजारपेठेला पडली? महाराणीला पडली. आपल्याकडे तेवढे वजनदार संस्थानिक नव्हते, म्हणून पक्ष नव्हता. विषय संपला.

खातेवही

कारलेभाऊ, विषय इतक्यात संपवू नका, माझा चहा अजून व्हायचाय.

राजेरजवाडे होते हे खरंच. पण पक्ष त्यांनी काढला नाही. १९५९ च्या जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला, म्हणजे बांध मोडून जमिनी एकत्र कसायच्या. त्यावर भडकले ते आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा, आणि राजाजी, म्हणजे सी. राजगोपालाचारी. राजाजी तेव्हा ऐंशीचे होते. त्या वयात माणूस नातवंडं खेळवतो, यांनी पक्ष काढला. रंगा अध्यक्ष, मिनू मसानी सरचिटणीस, सोबत कन्हैयालाल मुनशी, होमी मोदी, संस्थानं विलीन करून घेणारे व्ही. पी. मेनन. गुजरातेत पक्ष वाढवला तो भाईकाकांनी, वल्लभ विद्यानगर वसवणाऱ्या इंजिनिअरनं. तिथं विधानसभेत १९६२ ला २६ आणि १९६७ ला ६६ जागा. पाटीदार आणि क्षत्रिय एका मांडवात बसवले त्यांनी. तो काही राजवाड्याचा खेळ नव्हता.

आता महाराष्ट्राचं. माझा धाकटा मामा गिरगावात या पक्षाचं काम करायचा, मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. चाळीत बातमी फुटली, "मामा स्वतंत्र झाला." दुसऱ्या दिवशी दोन शेजारणी आजीचं सांत्वन करायला आल्या, चूल वेगळी झाली समजून. हसू नका, पक्षाची अर्धी कहाणी यातच आहे.

१९६२ च्या निवडणुकीआधी मामाकडे इंग्रजीतला मजकूर आला, मराठी पत्रक करायला. तो जेवणाच्या पाटावर कागद ठेवून बसला आणि 'फ्री एंटरप्राइज'पाशी अडला. 'मुक्त उद्योग' लिहिलं. आजी ताक घुसळत होती, म्हणाली, "तुला मोकळीक कशाला हवी? नसते उद्योग तू आधीपासून करतोसच." मग 'खुला धंदा' लिहिलं, तर शेजारच्या मास्तरांनी भिवया वर केल्या. शेवटी 'व्यवसायस्वातंत्र्य' असा जोडाक्षरांचा डोंगर छापला गेला. त्या पत्रकातला 'लायसन-परमिट राज' हा एकच शब्द चाळीला विनासायास कळला, कारण रेशनच्या रांगेत सगळेच उभे राहायचे.

पण खरी अडचण शब्दकोशाची नव्हती. साल बघा. १९५९ चा ऑगस्ट म्हणजे मुंबई अजून गुजरातसकट द्विभाषिक राज्यात. गिरगावात गोळीबाराच्या आठवणी ताज्या, घराघरात प्रश्न एकच, मुंबई कोणाची. आणि नव्या पक्षाचे चेहरे कोण? मुनशी, जे भाषावार प्रांतांच्या विरोधात होते. मसानी आणि मोदी, मोठी माणसं, पण दक्षिण मुंबईतली, इंग्रजीत बोलणारी. मामाला नाक्यावर विचारायचे, "तुमचा पक्ष मुंबईबद्दल काय म्हणतो?" तो मालमत्तेच्या हक्काबद्दल सांगायला लागायचा. पोरं पांगायची. काँग्रेसवर राग असणाऱ्यांना संयुक्त महाराष्ट्र समिती होतीच, तिथं अत्रे होते, डांगे होते, भाषण म्हणजे जत्रा. मामाच्या सभेला सतरंजी आम्हीच घालायचो आणि बहुतेक वेळा आम्हीच बसायचो.

पाटीपेन्सिल

वा, काका! पण मग भाषेच्या प्रश्नावर पक्षाची भूमिका तरी काय होती? राजाजी मद्रासचे, खासदार राजस्थान-गुजरातचे. जमायचं कसं?

खातेवही

जमवायचंच नाही, ही त्यांची युक्ती. पक्षाची एकवीस तत्त्वं होती. त्यात नसलेल्या विषयावर सभासदाला आपलं मत ठेवायची पूर्ण मुभा. राजाजी दारूबंदीचे कट्टर, पण बाकीच्यांवर ती बांधील नव्हती. भाषेचंही तेच. राजाजींनी १९३७ ला मद्रासचे मुख्यमंत्री असताना शाळांत हिंदी सक्तीची केली होती आणि आंदोलन अंगावर घेतलं होतं. साठच्या दशकात तेच इंग्रजी टिकवण्यासाठी उभे राहिले आणि १९६७ ला द्रमुकशी हातमिळवणी केली. मद्रासेतून सहा खासदार आले. राजस्थानातले आठ हिंदी मुलखातले. एकाच पक्षाच्या बाकावर दोन्ही.

कागदावर हे उदारमतवादाला शोभतं. मला अजूनही आवडतं. पण आपल्या देशात माणूस आधी भाषेत राहतो, मग तत्त्वात. प्रत्येक प्रांतात पक्षाला तिथलं काहीतरी धरून वाढावं लागलं. ओरिसात सिंगदेवांची गणतंत्र परिषद, गुजरातेत पाटीदार-क्षत्रिय, मद्रासेत द्रमुकचा खांदा. महाराष्ट्रात धरायला काही उरलंच नव्हतं. वर सहकार! प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिलेला, गावोगाव सोसायट्या निघत होत्या, यशवंतराव चव्हाणांनी शेतकऱ्याला त्यात गुंतवून घेतलेलं. राजाजींचा विरोध जमीन एकत्र करण्याला होता, सहकारी कारखान्याला नव्हे. पण 'सहकारी शेतीला विरोध' यातला पहिलाच शब्द लोकांनी ऐकला.

एक गंमत. नारायण दांडेकर हे मराठी आयसीएस अधिकारी या पक्षाचे खासदार होते. निवडून आले उत्तर प्रदेशात गोंड्याहून आणि पुढं १९६७ ला गुजरातेत जामनगरहून. मराठी माणूस चालला, फक्त महाराष्ट्राबाहेर.

कडूकारले

ठीक, राजांचा मुद्दा अर्धा मागे घेतो. पण बँक राष्ट्रीयीकरणाला विरोध केला त्याचं काय? आणि संस्थानिकांना सरकार देत असलेल्या तनख्यांचं? १९७१ ला लोकांनी ८ खासदारांवर आणून ठेवलं ते उगाच?

खातेवही

तनख्यांबद्दल तुमचंच खरं, तिथं पक्षाचं नुकसान झालं. त्यांचं म्हणणं होतं की दिलेला शब्द सरकारनं मोडू नये. पण 'गरिबी हटाओ' समोर असताना राजाच्या तनख्याची बाजू मांडायची म्हणजे लग्नात जाऊन सुतकाबद्दल बोलायचं. शिवाय जनसंघ, संघटना काँग्रेस आणि संसोपाबरोबर (संयुक्त समाजवादी पक्ष) बडी आघाडी केली, त्यात स्वतःचा चेहराच हरवला. मसानी राजकोटला पडले. पुढच्या वर्षी नाताळच्या दिवशी राजाजी गेले.

बँकांचं विचाराल तर मी पक्षपाती आहे. १९६९ च्या जुलैत चौदा बँका सरकारनं घेतल्या. पक्षाचे रुस्तम कूपर सुप्रीम कोर्टात गेले, नानी पालखीवालांनी बाजू मांडली आणि फेब्रुवारी १९७० मध्ये अकरा न्यायमूर्तींपुढं ते जिंकलेही. सरकारनं नवा कायदा केला आणि बँका सरकारकडेच राहिल्या. दोन वर्षांनी मी त्यातल्याच एका बँकेत कारकून म्हणून चिकटलो. पेढे घेऊन मामाकडे गेलो. त्यानं पेढा खाल्ला, पाकिटावरचं बँकेचं नाव वाचलं आणि म्हणाला, "चल, एक तरी फायदा झाला राष्ट्रीयीकरणाचा." पुढं माझ्याच शाखेत खातं उघडलं आणि दर महिन्याला काउंटरवर उभं राहून कामाच्या गतीबद्दल टोमणे मारून जायचा. सही घेताना मीच खाली बघायचो.

बांधावरून

उशिरा आलो. एक जोड देतो. शरद जोशींनी १९९४ ला काढलेला 'स्वतंत्र भारत पक्ष' हा याच वाटेवरचा, नावही तिथूनच. म्हणजे महाराष्ट्रात बी पडलं, पण पस्तीस वर्षांनी आणि शेतकरी संघटनेच्या वाफ्यात. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही भाषा गिरगावातल्या 'व्यवसायस्वातंत्र्या'पेक्षा कांद्याच्या मुलखात पटकन कळली. तरी मतं नाहीतच पडली. २००४ ला विधानसभेत एक आमदार, राजुऱ्याचे वामनराव चटप.

आणि जुना पक्ष आज पुन्हा नोंदवायचा म्हटलं तर पंचाईत. १९८९ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीसाठी पक्षाला समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. स्वतंत्रवाल्यांनी ती कोणत्या तोंडानं द्यायची? जुनी मंडळी १९९६ ला यासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती.

पाटीपेन्सिल, निफाडचे म्हणताय तर पावतीच्या मागं बघा. आमच्याकडचे लोक कोऱ्या बाजूवर हिशेब करतात.

पाटीपेन्सिल

बघितलं. मागं खरंच हिशेब आहे. गोण्या, हमाली, तोलाई, आडत, आणि शेवटी हाती आलेली रक्कम दोनदा अधोरेखित.

आईलाही विचारलं. तिला ती संध्याकाळ आठवते. म्हणाली, तुझ्या आजोबांनी मत बैलजोडीलाच दिलं, सहकार बुडवणाऱ्यांना देणार नाही म्हणाले. मग पावती का फाडली? तर तो माणूस पाच मैल सायकल मारत आला होता आणि त्याच्या पिशवीत पावतीपुस्तक कोरं करकरीत होतं. पहिलीच पावती आजोबांची. मी आत्ता नंबर पाहिला. ००१.