बी विंग ग्रुप, जुळे सोलापूर – रविवार, ११ मे २०२५

देशमुख वहिनी ३०२ – ७:४८
काल पाकिस्तानशी युद्धविराम जाहीर केला म्हणून परराष्ट्र सचिव मिसरींबद्दल रात्री साडेअकराला जो मेसेज इथं पडलाय तो कोणी टाकला ते सगळ्यांना दिसतंय. नाव घेत नाही. त्यात त्यांच्या घरच्यांबद्दल जे लिहिलंय ते माझ्या सातवीतल्या पोरानं वाचून मला अर्थ विचारला. कृपया काढून टाका.

कुलकर्णी सर १०१ – ७:५३
फॉरवर्ड होता वहिनी. मी लिहिलेला नाही.

देशमुख वहिनी ३०२ – ७:५४
बोट तर तुमचंच ना सर.

कुलकर्णी सर १०१ – ७:५९
मुद्द्याचं बोला. १९७१ ला पाकिस्तानचे ९३,००० कैदी आपल्या हातात होते. सिमल्याला टेबलावर बसलो आणि पुढं सगळे परत दिले. काय मिळालं? काल परत तेच. मारत होतो, फोन आला, थांबलो.

आदित्य ४०१ – ८:०१
सर, काल दुपारी तीनला तुमचाच मेसेज आहे, "सरकार जे करेल ते बरोबरच करेल." वर सरकवून बघा. साडेपाचला काय झालं?

कुलकर्णी सर १०१ – ८:०३
मी पंतप्रधानांना एक शब्द बोललेलो नाही. मी त्या बाबू लोकांना बोलतोय.

आदित्य ४०१ – ८:०४
मिसरी साहेब काय घरून ठरवून आले होते काय माईकपुढं? ३:३५ ला पाकिस्तानच्या डीजीएमओचा (लष्करी कारवायांचे प्रमुख) आपल्या डीजीएमओला फोन आला, ५ पासून थांबायचं ठरलं. सरकारचा निर्णय, त्यांनी वाचून दाखवला. पोस्टमनला मारायलात राव तुम्ही.

चव्हाण (सेक्रेटरी) – ८:०६
सर्वांना सुप्रभात 🙏 टँकरचे प्रत्येकी २०० रु. ११ फ्लॅटचे बाकी आहेत.

श्रीनिवास अण्णा ४०३ – ८:१०
सर, मोठ्यांपुढं बोलू नये, पण परवापासून माझी झोप उडालीय. दुबईचा गिऱ्हाईक रोज फोन करतोय, माल न्हावा शेव्याहून निघणार का नाही म्हणून. टॉवेलचे गठ्ठे दारात पडलेत, वीस माणसं हाताखाली. काल संध्याकाळी टीव्हीवर ऐकलं आणि पहिला फोन त्यालाच केला. मला काय देशप्रेम नाही का?

कुलकर्णी सर १०१ – ८:१२
तुमच्या टॉवेलसाठी देश थांबला म्हणायचं.

श्रीनिवास अण्णा ४०३ – ८:१२
हे बरं नाही बोलला सर.

मुल्ला भाभी २०४ – ८:१५
अण्णा जाऊ द्या. सर, ८ तारखेला सौदीचे आणि इराणचे मंत्री दिल्लीत येऊन बसले होते ते काय बासुंदी खायला? गल्फमध्ये आपली किती पोरं आहेत. माझा भाऊच रियाधला आहे. त्या लोकांनी आपलं ऐकून घ्यावं म्हणून कोणीतरी बोलायला नको का?

कुलकर्णी सर १०१ – ८:१९
ऐकून घेतात हो सगळे. ९ तारखेला आयएमएफनं त्यांना १ अब्ज डॉलर दिले. आपण काय केलं? मतदानात तटस्थ राहिलो. आणि काल युद्धविराम आधी ट्रम्पनं सांगितला, मग आपल्याला कळला. ही तुमची डिप्लोमसी.

आदित्य ४०१ – ८:२१
हा मुद्दा मान्य. ट्रम्पचं मलापण लागलं.

बिराजदार मामा २०१ – ८:२२
मला पण. आणि आपण थांबलो तर त्यांनी रात्रीच श्रीनगरात ड्रोन सोडले. कशाचा विराम बे.

पवार वहिनी ४०२ – ८:२४
युद्धावरून आठवलं. परवा रात्री जिन्याचे दिवे कोणाच्या हुकमानं बंद केले? आपल्याकडं ब्लॅकआऊट कोणी सांगितला होता? आमच्या सासूबाई दुसऱ्या मजल्यावर दहा मिनिटं भिंत धरून उभ्या होत्या.

चव्हाण (सेक्रेटरी) – ८:२६
सरावासाठी केलं होतं वहिनी. देशासाठी एवढं तरी.

पवार वहिनी ४०२ – ८:२६
देशासाठी गच्चीवरचा तुमचा हॅलोजन पण बंद करायचा होता की.

बिराजदार मामा २०१ – ८:२७
😂😂 पाकिस्तानला सोलापुरात एकच दिवा दिसला असता, चव्हाणांचा.

चव्हाण (सेक्रेटरी) – ८:२८
मामा तुमचे दोन टँकरचे बाकी आहेत.

कुलकर्णी सर १०१ – ८:३०
विषय भरकटवू नका. ९३,००० कैदी. काय मिळालं, याचं उत्तर एकानंही दिलेलं नाही.

जोशी (बँक) ३०४ – ८:३६
देतो. डिसेंबरमध्ये ढाका पडलं, पण त्याआधी ऑगस्टमध्ये रशियाशी करार झाला होता. मग इंदिराबाई युरोप-अमेरिका फिरून आल्या. ती तयारी नसती तर बंगालच्या उपसागरात अमेरिकेचं आरमार आलं तेव्हा आपल्यामागं कोण होतं? फौजेइतकंच ते कागदाचं काम होतं सर. आणि लडाखमधलं तुर्तुक गाव आजही आपल्याकडं आहे, ते ७१ चंच. कैद्यांबद्दल तुमचं म्हणणं समजतं, पण "काय मिळालं" म्हणू नका.

कुलकर्णी सर १०१ – ८:३८
आणि ६५ च्या युद्धानंतरचं ताश्कंद? काश्मीरमधली हाजी पीर खिंड जिंकून परत दिली. तिथं तर आपले यशवंतराव होते सोबत.

जोशी (बँक) ३०४ – ८:३९
हाजी पीरचं मलाही खुपतं. तिथं तुमचं बरोबर.

देशमुख वहिनी ३०२ – ८:४०
मेसेज अजून तिथंच आहे.

मुल्ला भाभी २०४ – ८:४४
आपण सोलापूरकरांनी तर हे बोलूच नये. भय्या चौकातल्या कोटणीस स्मारकावरून रोज जातो. डॉ. कोटणीस १९३८ ला गेले ना चीनला, पाच डॉक्टरांत, तिथं जपानशी युद्ध चालू असताना. तिथंच वारले १९४२ ला. शी जिनपिंग २०१४ ला आले तेव्हा कोटणीसांच्या घरच्यांना भेटून गेले.

कुलकर्णी सर १०१ – ८:४५
आणि १९६२? आणि गलवान? २० जवान गेले. कोटणीसांनी जीव दिला, त्यांनी आपल्याला काय दिलं?

आदित्य ४०१ – ८:४७
सर स्मारकाच्या आत कधी गेलात का?

कुलकर्णी सर १०१ – ८:४७
गाडी लावायला जागा नसते.

पवार वहिनी ४०२ – ८:४८
गाडीवरून आठवलं, माझ्या स्लॉटमध्ये पांढरी स्विफ्ट कोणाची?

सुभेदार शिंदे १०३ – ८:५५
मी सहसा लिहीत नाही. कारगिलला मी होतो. हुकूम होता, एलओसी ओलांडायची नाही. आम्ही शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू. वरून गोळी यायची आणि आपण खालून दगडाला धरून चढायचं. मागून जाऊन त्यांची रसद तोडली असती तर माझ्याशेजारचा वाचला असता असं आजही वाटतं. पण ४ जुलैला टायगर हिल हातात आली त्याच दिवशी नवाझ शरीफ वॉशिंग्टनला क्लिंटनपुढं बसून "माघारी फिरा" ऐकत होते. आपण ओलांडली असती तर तिथं बसून ऐकायची पाळी आपल्यावर आली असती. वाजपेयींवर तेव्हा पण लोक चिडलेच होते.

सुभेदार शिंदे १०३ – ८:५६
थांब म्हटल्यावर थांबणं हे पण हुकूम पाळणंच असतं सर.

शिंदे वहिनी १०३ – ९:०२
आमच्या सूरजचा फोन चार दिवस लागत नव्हता. काल रात्री अकराला आला. "आई, जेवलो, झोपतो आता." एवढंच बोलला. तुम्ही सगळे भांडा, पण मला काल झोप लागली.

देशमुख वहिनी ३०२ – ९:०९
🙏

कुलकर्णी सर १०१ – ९:१४
_हा मेसेज डिलीट केला आहे_

कुलकर्णी सर १०१ – ९:१५
वहिनी, सूरजला माझा आशीर्वाद सांगा. तो माझा विद्यार्थी. गणितात कच्चा होता, पण पोरगं धाडसी.

शिंदे वहिनी १०३ – ९:१६
सांगते सर. अजून घाबरतो तो तुम्हाला.

बिराजदार मामा २०१ – ९:१८
उद्या दोघे डीजीएमओ परत बोलणार आहेत म्हणे.

कुलकर्णी सर १०१ – ९:१९
बोलू द्या. पण ९३,००० चं विसरू नका म्हणावं त्यांना.

पवार वहिनी ४०२ – ९:२०
पांढरी स्विफ्ट???

चव्हाण (सेक्रेटरी) – ९:२१
पाणी आलंय!! चार दिवसांनी आलंय, एक तासच राहील. मोटर रूमची किल्ली कोणाकडं आहे?

श्रीनिवास अण्णा ४०३ – ९:२१
माझ्याकडं. उतरतोय. स्विफ्ट पण माझीच, काढतो.