गोधडीची उसवलेली शिवण

जुन्या साड्यांच्या गोधडीचे टाके मधेमधे उसवलेत, मशीनवर एक शिलाई मारून टाकू का असं विचारलंय, तर माझं मत, मशीन नकोच. जुनं कापड धुवून धुवून विरलेलं असतं, त्यावर मशीनचे बारीक जवळजवळ टाके म्हणजे एका रेषेत भोकंच पडतात आणि पुढे तिथूनच फाटतं. हातानेच धावदोरा घाला, जुने टाके जेवढे लांब तेवढेच.

आणि आधी धुऊ नका प्लीज, शिवण सुटलेली असताना धुतलं की आतले थर सरकून गोळा होतात, मग ते सारखे करणं फार कठीण. जमिनीवर सपाट पसरा, हाताने थर सारखे करा, कच्चे टाके घाला आणि मग शिवायला घ्या. जिथे तुटलंय तिथूनच सुरुवात करायची नाही, दोनतीन इंच मागून चांगल्या टाक्यांवरून दोरा न्यायचा, म्हणजे जुन्या दोऱ्याची सुटी टोकं दाबली जातात. गाठ थरांच्या आत ओढून घ्या.

दोरा सुतीच, नायलॉनचा मजबूत वाटतो पण मऊ कापडाला कापतो. फार ओढून घट्ट करू नका, चुण्या पडतात.

कापडच फाटलं असेल तर ठिगळ जुन्या मऊ सुती कापडाचंच लावा, कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि आजूबाजूचं खेचतं. साडीचे काठ मात्र कापू नका हं, ते तसेच राहू द्या.