नंबर वाटणं ही ट्रोलिंग कशी?

नवी पेठ: काल इथं, आपल्या सोलापूरकरांत, पोस्ट आली, 'पोरं जरा ट्रोलिंग करत्यात, एवढं मनावर घ्यायचं नसतं.' विषय होता घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकणाऱ्या ताईंचा. त्यांचा फोटो आणि मोबाइल नंबर घाणेरड्या ओळीसकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत फिरवला, रात्री-बेरात्री फोन सुरू झाले. ट्रोलिंग हा शब्द होडीमागं गळ सोडून ओढत न्यायच्या मासेमारीशी जोडलेला आहे. समोरचा चिडून बोलला की मासा लागला, गप्प बसला तर गळ रिकामा. नंबर वाटणाऱ्याला उत्तराची गरजच नाही. ताईंनी चकार शब्द काढला नाही तरी फोन वाजणारच. मग 'दुर्लक्ष करा' हे सांगता कुणाला?

पार्क चौक: पोस्ट माझी. नंबर वाटला ते वाईटच. पण प्रत्येक टोमण्याला गुन्हा म्हटलं की पहिला मार सामान्य माणसाला बसतो. 2012 मध्ये बंदवरच्या फेसबुक पोस्टपायी पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, आयटी कायद्याचं 66अ, म्हणजे आक्षेपार्ह मेसेजचं कलम, लावून. सुप्रीम कोर्टानं 24 मार्च 2015 ला ते कलमच रद्द केलं. उजनीचं पाणी नळाला चार-चार दिवस येत नाही म्हणून महापालिकेची टर उडवली, तर उद्या तोही छळ ठरवाल.

मागवाला: पाणी इथं आणू नका. टर खुर्चीची उडवा की, कोण अडवतंय? पूर्व भागातल्या माणसाच्या मराठीला तेलुगू हेल असला की त्याची व्हॉइस नोट ग्रुपभर फिरवायची, त्यानं विचारलं की 'गंमत होती बे'. ती कुठली खुर्ची आहे?

विजापूर वेस: कलमांची खिचडी करू नका. 66अ गेलं, त्याच कायद्याचं 67 जागेवर आहे. अश्लील मजकूर पसरवला तर पहिल्या खेपेला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. अर्जात नुसतं 'बदनामी' लिहिलं की भारतीय न्याय संहितेचं 356 लागतं, ते अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती नोंद, होते आणि कोर्टाचा रस्ता दाखवतात. बाईबद्दलच्या घाणेरड्या ओळीला त्याच संहितेचं 79 लागतं, ते दखलपात्र. म्हणून ओळ जशीच्या तशी, तारीख, वेळ, ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर अर्जात हवा. आयटी कायद्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा वरचाच अधिकारी करतो, हेही ठाण्यात गेल्यावर लक्षात असू द्या.

नवी पेठ: आणि अ‍ॅडमिन झोपले होते का?

सात रस्ता: अ‍ॅडमिनच्या डोक्यावर खापर फोडू नका ओ. सदस्याच्या मेसेजला, संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिन जबाबदार नाही, असं हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलंय. मी मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला, माणूस काढला. अजून काय पाहिजे?

विजापूर वेस: तिथंच घोळ झाला. उडवायच्या आधी जपायला हवं होतं. सेव्ह केलेलं नाव दिसतं तिथं नंबर दिसत नाही, म्हणून पाठवणाऱ्याची प्रोफाइल उघडून नंबराचा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. वर ग्रुपचं नाव, खाली वेळ दिसली पाहिजे, कापाकापी नको. मग मीडियासकट एक्सपोर्ट चॅट. ब्लॉक आणि रिपोर्ट शेवटी. फोन विकू नका, रिसेट करू नका. कोर्टात भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, डिजिटल पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसह, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणाऱ्या डिजिटल ठशासह. भाग अ फोनवाल्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं.

सात रस्ता: म्हणजे तोवर घाण ग्रुपात तशीच ठेवायची? शेकडो लोकांनी बघायची? ताईंना विचारा ते चालेल का!

विजापूर वेस: पाच मिनिटांचं काम आहे. जपा, मग उडवा. आवाज चढवून क्रम बदलत नाही.

मागवाला: आता उडालंच आहे तर दुसऱ्या ग्रुपांतलं शोधा. पुढं पाठवलेल्या प्रत्येकाकडं प्रत असते.

सात रस्ता: ठीक आहे, घाई झाली. पण हेतू वाईट नव्हता.

पार्क चौक: नंबर वाटण्याला मी ट्रोलिंग म्हणायला नको होतं, तेवढं मागं घेतो. महापालिकेचं मागं घेणार नाही.

नवी पेठ: नका घेऊ. फक्त पोस्टमधली ती ओळ बदला, अजून तिथंच आहे. आणि कुणाच्या ग्रुपात मूळ मेसेज उरला असेल तर उडवू नका, ताईंना कळवा.