बांधावरची रानवांगी उपटायची की ठेवायची?

तापीकाठ: काल एका भाऊनं इथं लिहिलं, 'रानवांगी दिसेल तिथं उपटा, ती शेजारी असली की भरिताचं वांगं त्याच हंगामात कडू होतं.' वाचून राहवलं नाही. फळाचा गर आईझाडाचा असतो, परका पराग उतरतो तो बियांत. रानवांग्याचे काटे नि कडूपणा येईल तो त्या बियांची रोपं लावल्यावर. दरवर्षी रोपं विकत आणणाऱ्याचं तर काहीच बिघडत नाही. आणि अर्धे लोक रानवांगी म्हणून उपटतात ती भुईरिंगणी. ती जमिनीवर पसरते, वांग्याशी तिचा सहजी संकरही होत नाही.

बांधावरून: पोस्ट माझीच होती. माझ्या पांढऱ्या मक्याच्या कणसात शेजारच्याचे पिवळे दाणे त्याच वर्षी निघाले. डोळ्यांनी पाहिलंय. पुस्तकं आम्हाला नका सांगू.

तापीकाठ: मक्यात आपण दाणा खातो, दाणा म्हणजेच बी. म्हणून रंग लगेच दिसतो. वांग्यात गर खातो.

रावेरकर: मक्याचं राहू द्या. आम्ही बांधालगतच्या झाडांचं बी धरलं होतं. पुढच्या साली रोपांच्या पानांवर काटे, फळ लिंबाएवढं, पिकलं की पिवळं. अख्खा वाफा मोडला. माय म्हणायची, बी मधल्या ओळीतल्या झाडाचंच धर. ऐकलं नाही.

जळगावची लेक: तुम्ही रानवांग्यावर भांडताय, खरं वांगं बाजारातच हरवलंय! पुण्यात 'जळगावचं भरीत वांगं' म्हणून मला काळंजांभळं दिलं. आपलं हिरवट, पांढऱ्या रेघांचं, हातात न मावणारं. कपाशीच्या काड्यांवर भाजल्याशिवाय तो वास येतच नाही. २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव आपल्याच भागातल्या वांग्याला लावायचं, तरी दुकानात कोण विचारतं?

यावलचा शेतकरी: ताई, आमचा व्यापारी संकरित नि देशी एकाच भावात उचलतो. संकरित जास्त निघतं. मग बी राखायचे कष्ट कोणी करायचे? तुम्ही पुण्यातून दीडपट भाव द्या, उद्या आमच्या बामणोद गावचं देशी भरीत वांग्याचं बी लावतो.

जळगावची लेक: देते! पण ते आमच्यापर्यंत पोचतंच कुठं? मधल्यामध्ये सगळं एकत्र ओततात.

बांधावरून: भाव, पुणं, भरीत! माझा प्रश्न जात बिघडण्याचा आहे. ती बिघडते की नाही, एवढं सांगा.

तापीकाठ: बिघडते, बी घरचं असेल तर. वांगं बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतं, पण भुंगा फुलावर गुणगुणला की परका पराग पोचतो. म्हणूनच प्रमाणित बियाण्याच्या, म्हणजे शेतकऱ्याला विकायच्या तपासलेल्या बियाच्या प्लॉटपासून दुसरं वांगं १०० मीटर लांब ठेवतात; ते ज्यापासून तयार करतात त्या पायाभूत बियाण्याच्या प्लॉटपासून २०० मीटर. तुम्ही दोन झाडांच्या कळ्या उमलण्याआधी मलमलच्या पिशवीत बांधा, तेवढीच फळं बियाला ठेवा. पण रानवांगी सरसकट उपटू नका. पाणी नसताना, खडकाळ बांधावर ती जगते. तो गुण उद्या वांग्यात आणायचा तर आणणार कुठून? २०१० मध्ये बीटी वांग्याला, म्हणजे अळी रोखायला परकं जनुक घातलेल्या वांग्याला स्थगिती मिळाली, तेव्हा आपल्याकडच्या वांग्याच्या वैविध्याचाही मुद्दा होता.

रावेरकर: उद्याचा गुण उद्या. वाफा माझा मोडला होता, तुमचा नाही.

तापीकाठ: ते मान्य, दादा. बियाच्या प्लॉटजवळची काढा. नाल्याकडची राहू द्या.

बांधावरून: ठीक. मक्याचं पटलं. नाल्याकडचं झुडूप यंदा ठेवतो. पण पुढच्या रोपांत एक काटा दिसला, तर ते मुळासकट निघेल.