प्लँटेड टँक: पहिल्याच टँकला सीओटू लावावा का?

काठावरचा

प्लँटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पतींचा फिशटँक, करायचा म्हणून दुकानात गेलेल्या माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी पाण्यात सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडण्यासाठी सिलिंडर, रेग्युलेटर, डिफ्यूझर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारा) अशी यादी पडते. माझं मत याच्या विरुद्ध आहे. आपल्याकडचा उन्हाळा आणि वीज जाण्याचं प्रमाण पाहता पहिला टँक मातीचा करावा, सीओटूशिवाय. कृती खाली देतो. ज्यांना पटत नाही त्यांनी आकड्यांनिशी खोडून काढावी.

टँक २४ × १२ × १५ इंचांचा धरू. माती-वाळू वजा जाता यात साधारण ५५ लिटर पाणी बसतं. माती शेणखत किंवा रासायनिक खत न पडलेली घ्या. बादलीत भिजवा, वर तरंगणारा काडीकचरा काढा, गाळ खाली बसला की पाणी ओतून द्या आणि माती उन्हात कडक वाळवा. असं तीन-चार वेळा करा. हा कंटाळवाणा भाग टाळला की पुढे महिनाभर पाण्यात अमोनिया सुटत राहतो.

तळाला २.५ सेंमी माती, म्हणजे साडेचार-पाच लिटर. काचेपासून एक सेंमी आत थांबायचं, नाहीतर मातीला बाजूने उजेड लागून काचेलगत शेवाळाची पट्टी धरते. वर ३ सेंमी वाळू, साधारण ९ किलो, दाणा १ ते ३ मिमी. वाळूवर आधी व्हिनेगर ओतून बघा. फसफसली तर त्यात चुना किंवा शिंपल्यांचा चुरा आहे, ती नको. पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवा आणि धार ताटलीवर सोडा.

झाडं पहिल्याच दिवशी भरपूर लावायची, तळाचा पाऊण भाग झाकला जाईल इतकी. व्हॅलिसनेरिया, हायग्रोफिला, क्रिप्टोकोरिन. जावा फर्न आणि अनुबियास लाकडाला दोऱ्याने बांधायचे, कारण त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं. वर थोडं सॅल्व्हिनिया. ते हवेतला सीओटू घेतं, म्हणून झपाट्याने वाढतं आणि अमोनिया ओढून घेतं. उजेडाला दोन फुटी १० वॅटची ६५००के एलईडी बॅटन पुरते. सकाळी चार तास, मध्ये चार तास बंद, संध्याकाळी चार तास. मधल्या विश्रांतीत मातीतून निघणारा सीओटू पाण्यात परत साठतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात क्रिप्टोकोरिनची पानं ओल्या कागदासारखी पारदर्शक होतात आणि बोट लावलं की विरघळतात. घाबरून झाड उपटू नका. मूळ शाबूत असतं आणि गड्ड्यातून नव्या पानाची तपकिरी सुई वर येते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मगच मासे, साधारण चार आठवड्यांनी.

रोटाला

कृती उत्तम आहे, निष्कर्ष चुकीचा आहे.

हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात सीओटू लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो. मातीच्या कुजण्याने त्यात थोडी भर पडते, ती पण पहिले काही महिनेच. वेगाने वाढणाऱ्या झाडांसाठी २० ते ३० मिलिग्रॅम ठेवतात. झाडाच्या सुक्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग कार्बनचा असतो. जो घटक सर्वांत जास्त लागतो तोच सर्वांत कमी द्यायचा आणि नवशिक्याने धीर धरायचा, हे कसं? माँटे कार्लोचा (तळाला पसरणाऱ्या बुटक्या झाडाचा) गालिचा किंवा लाल रोटाला (माझं टोपणनाव ज्यावरून आहे ती पाणवनस्पती) बघून माणूस या छंदात येतो. सीओटूशिवाय गालिचा दाट धरत नाही आणि लाल रोटाला फिकट, लांबट होऊन खालची पानं गाळते.

शिवाय मातीतली चूक दुरुस्त होत नाही. वर्षभराने एखादं मोठं क्रिप्टोकोरिन उपटून बघा: मुळांसकट माती वर येते, पाणी चहासारखं होतं, मासे वर येऊन तोंड उघडतात. सीओटूमधली चूक एका नॉबने सुटते.

जोडणी अशी. २ किलोचं सिलिंडर, दोन दाबमापकांचं रेग्युलेटर, सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह), नीडल व्हॉल्व्ह (गॅसचा प्रवाह बारीक जुळवायचा नॉब), बबल काउंटर, एकदिशा व्हॉल्व्ह. नळी पीयूची (पॉलियुरेथेनची) घ्या, एअरपंपाची सिलिकॉन नळी नको, तिच्या भिंतीतून गॅस झिरपतो. डिफ्यूझर तळाशी, फिल्टरच्या प्रवाहात बुडबुडे वाहून जातील असा. ५५ लिटरला सेकंदाला एका बुडबुड्यापासून सुरुवात. टायमरवर गॅस दिव्याच्या दोन तास आधी सुरू आणि दिवा मालवण्याआधी एक तास बंद. ड्रॉप चेकरमध्ये (पाण्यातला सीओटू रंगावरून दाखवणाऱ्या कुपीत) टँकचं पाणी भरू नका, ४ केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) तयार द्रावण घाला. निळा रंग म्हणजे गॅस कमी, पोपटी म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे माशांना धोका. हा रंग दीड-दोन तास मागे चालतो, म्हणून नॉब एकदा फिरवला की दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. नवशिक्यांचे मासे बहुतेक वेळा इथेच जातात: रंग बदलत नाही म्हणून तासाभरात तीनदा नॉब फिरवतात.

वीज गेली तर सोलेनॉइड आपोआप बंद होतो, त्याला उघडं राहायलाच वीज लागते. खरा धोका साखर-यीस्टच्या बाटलीत आहे. मे महिन्यात ३५ अंशांवर ती उधळते, लवकर संपते आणि रात्री बंदही करता येत नाही. सायट्रिक अॅसिड आणि खाण्याचा सोडा त्यापेक्षा बरा, पण प्रमाण नीट घ्या. २०० ग्रॅम सोड्याला साधारण १५० ग्रॅम सायट्रिक पुरतं, गॅस निघतो १०० ग्रॅमच्या आसपास. २ किलोच्या सिलिंडरात त्याच्या वीसपट असतो, मग दर पंधरवड्याला बाटल्या धूत कशाला बसायचं?

बोअरवेल

दोघांनीही पाणी गृहीत धरलंय. पुण्या-मुंबईत धरणाचं पाणी नळाला येतं, ते बऱ्यापैकी मऊ असतं. सोलापूर, लातूर, संभाजीनगरकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्याने आधी जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कठीणपणा) आणि केएच मोजावं. टीडीएस मीटर कठीणपणा सांगत नाही, नुसते एकूण क्षार सांगतो.

केएच १६ असेल तर व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला मजेत राहतात, कारण त्यांना बायकार्बोनेटमधून कार्बन काढता येतो. बहुतेक रोटालांना ते जमत नाही, त्यामुळे तेच पाणी त्यांना उपाशी ठेवतं. अशा ठिकाणी एक भाग बोअर आणि तीन भाग आरओचं पाणी मिसळा, केएच ४ वर येतो. उन्हाळ्यात वाफ होऊन कमी झालेलं पाणी मात्र फक्त आरओनेच भरा. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, बोअरचं पाणी भरत गेलात तर दोन महिन्यांत कठीणपणा कुठच्या कुठे जातो. सोसायटीच्या सॉफ्टनरचं पाणी तर मुळीच नको. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो आणि झाडांना नेमकं तेच काढलेलं हवं असतं.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला सोडियम थायोसल्फेट. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवा, लिटरला एक ते दोन थेंब.

आणि काठावरचा, तुम्ही "माती" म्हणून सोडून दिलंत. कुठली माती? देशावरची काळी माती पोषणद्रव्यं छान धरते, पण तिच्यात चुनखडीचे खडे असतात. ते महिनोन्‌महिने विरघळत राहतात आणि केएच वर चढवतात. शिवाय ती भिजली की फुगते, वाळूचा थर उचलला जातो.

काठावरचा

काळ्या मातीचा मुद्दा पूर्ण मान्य, ते लिहायचं राहिलं. कोकणातली जांभ्याची तांबडी माती घ्यावी. चुना जवळजवळ नाही, लोह भरपूर. मात्र तिच्यात सेंद्रिय भाग कमी, म्हणून पाच लिटरला अर्धा लिटर जुनं गांडूळखत मिसळा, त्याहून जास्त नाही. पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा उदबत्तीच्या काडीने वाळूतून मातीपर्यंत टोचा. सडक्या अंड्याचा वास असलेला बुडबुडा वर आला तर तिथे हवा पोचत नाहीये, तिथे जास्त टोचा आणि मुळं जोमाने धरणारं झाड लावा.

रोटाला, सोलेनॉइडचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण सिलिंडरबद्दल दोन गोष्टी तुम्ही सांगितल्या नाहीत. एक, ३१ अंशांच्या वर सीओटू द्रवरूपात राहतच नाही, दाब किती का असेना. नागपूरच्या मे महिन्यात घरात ३८ अंश असताना सिलिंडरमधला दाब बराच चढलेला असतो. सिलिंडर भरून घेताना वजनावरच घ्या, ठरलेल्या वजनापेक्षा एक ग्रॅम जास्त नको, आणि ते गॅलरीत उन्हात तर कधीच ठेवू नका. दुसरी, सिलिंडर संपत आलं की स्वस्त एकटप्पी (दाब एकाच टप्प्यात उतरवणाऱ्या) रेग्युलेटरचा बाहेरचा दाब अचानक वाढतो आणि उरलेला गॅस भसाभस टँकमध्ये जातो. ड्रॉप चेकरचा रंग बदलेपर्यंत दोन तास गेलेले असतात. नॉबने सुटणारी चूक ती हीच का?

उष्णतेने प्राणवायूही घटतो. २५ अंशांना लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, ३२ अंशांना सव्वासातच्या आसपास. त्यात दाट झाडी रात्री प्राणवायूच खाते. सहा तास वीज गेली तर कॅनिस्टर फिल्टरच्या बंद डब्यातले जिवाणू गुदमरायला लागतात, म्हणून बॅटरीचा एअरपंप आणि एक स्पंज फिल्टर हाताशी हवाच.

रोटाला

तो पंप माझ्या टँकलाही हवा आणि तुमच्याही, त्यात सीओटूचा दोष कुठे? सिलिंडर संपण्याचा धोका खरा आहे. त्यावर उपाय दोनटप्पी रेग्युलेटर. परवडत नसेल तर आतला दाब उतरायला लागला की सिलिंडर शेवटच्या थेंबापर्यंत न वापरता भरायला द्यायचं. आणि रात्री फिल्टरचं तोंड थोडं वर करून पृष्ठभागावर तरंग उठवले की सकाळी मासे धापा टाकत नाहीत.

उष्णतेला साधा उपाय आहे: पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा. कोरड्या हवेत दोन ते चार अंश उतरतात. मुंबई-कोकणात दमट हवेमुळे तेवढा फरक पडत नाही, तिथे निऑन टेट्राचा आग्रह सोडून उष्णता सोसणारे मासे निवडा.

मंजिरी

शेवाळ आलं की कुणी सीओटूला दोष देतं, कुणी मातीला. बहुतेक वेळा दिवा दहा तास चालू असतो आणि खत शून्य असतं. महागड्या बाटल्यांची गरज नाही. कृषी सेवा केंद्रात मिळणारं १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. ५०० मिली आरओ पाण्यात पहिलं ४५ ग्रॅम आणि दुसरं ४ ग्रॅम विरघळवा. ५५ लिटरला १० मिली दिलं की नायट्रेट १० आणि फॉस्फेट १ मिलिग्रॅमने वाढतं. सीओटूच्या टँकला आठवड्यातून तीनदा आणि रविवारी निम्मं पाणी बदलायचं. मातीच्या टँकला पहिले तीन महिने काहीच नको, नंतर आठवड्याला एकदा ५ मिली. सूक्ष्म अन्नद्रव्यं वेगळ्या बाटलीत आणि वेगळ्या दिवशी, फॉस्फेटबरोबर लोह साका होऊन बसतं.

१९:१९:१९ किंवा १२:६१:० चुकूनही घालू नका. पहिल्यात युरिया आणि अमोनियम, दुसऱ्यात अमोनियम असतं.

जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम कमी. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. वाळूवर निळसर हिरवी, कुबट वासाची साय धरली तर ते शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया आहेत. नायट्रेट शून्यावर आलंय का आणि त्या कोपऱ्यात प्रवाह पोचतो का, ते आधी बघा.

एक कळकळीची विनंती. कास किंवा इतर सड्यांवरून (कातळ पठारांवरून) झाडं उचलून आणू नका. वायतुरा म्हणजे अपोनोजेटन सातारेन्सिस फक्त सह्याद्रीत सापडतो आणि त्याचा कंद कोरड्या महिन्यांत सुप्त राहतो. बारमाही पाण्यात त्याचा निभाव लागत नाही, म्हणजे तिकडून एक झाड गेलं आणि इकडेही जगलं नाही. छाटणीतलं सॅल्व्हिनियाही नाल्यात टाकू नका, जलपर्णीसारखंच पसरतं. उन्हात वाळवून कुंडीत घाला.

बोअरवेल

आता एक विचारतो. मातीच्या टँकला सीओटू चालत नाही असं कुठे आहे? तांबडी माती, तीन सेंमी वाळू, वर सेकंदाला एकाऐवजी दोन सेकंदांना एक बुडबुडा. खत तिमाहीभर नको आणि गालिचाही धरतो.

काठावरचा

चालतं, वाढही जोरदार होते. पण गालिचा म्हणजे सतत छाटणी, छाटणी म्हणजे उपटून पुन्हा लावणं, आणि तिथे रोटाला यांचाच चहाचा मुद्दा परत येतो. हा प्रकार करायचाच तर झाडं कात्रीने कापायची, उपटायची नाहीत. आणि सिलिंडर तीन महिन्यांनी, झाडांनी मूळ धरल्यावर.

रोटाला

तीन महिन्यांनी नको, पहिल्या दिवसापासून. मूळ धरण्याच्या काळातच झाडाला कार्बन सर्वांत जास्त लागतो, आणि तेव्हा टँकमध्ये मासे नसतात. ड्रॉप चेकर पिवळा झाला तरी कुणी मरत नाही. नॉब शिकायला ते चार आठवडेच सर्वांत निर्धोक आहेत.