मांडवीत दाबेली खाल्ली, आता इथल्या गाड्यांवरचं ‘कच्छी’ खटकतं

रानवाट:
डिसेंबरच्या सुट्टीत मी, नवरा, दोन्ही मुलं आणि सासूबाई असे पाचजण पुण्याहून गाडी काढून कच्छला गेलो. भुजपर्यंत साधारण हजार किलोमीटर, मधे अहमदाबादला मुक्काम. सूरजबारीचा पूल ओलांडला की मिठागरं दिसू लागतात आणि मग पुढे कितीतरी वेळ नुसतं सपाट. धोरडोचं पांढरं रण पाहिलं, धोलावीरा पाहिलं. त्यावर सवडीनं लिहीन. हा धागा फक्त दाबेलीसाठी.

भुजहून मांडवी साठेक किलोमीटर. रुक्मावती नदीच्या काठी आजही लाकडी जहाजं बांधतात. अर्धवट सांगाडे रस्त्यावरूनच दिसतात, मुलं तिथून हलेचनात. दाबेली या गावची. १९६० च्या दशकात इथल्या केशवजी गाभा चुडासमा यांनी ती पहिल्यांदा केली असं सांगतात. तिकडे तिला ‘डबल रोटी’ही म्हणतात.

आम्ही जिथे खाल्ली तिथे तवा नव्हताच. पाव मधे कापला, एका बाजूला चिंच-खजुराची चटणी, दुसऱ्या बाजूला लसणाची लाल चटणी, मधे बटाट्याचं सारण, मसाला शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे, कडेनं बारीक शेव. हातानं दाबून दिली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, भाजून नाही का देत हे?” दुसऱ्या घासाला म्हणाल्या, “लवंग लागतेय बघ. आणि दालचिनी.”

माझं म्हणणं त्या लवंगेपाशीच सुरू होतं. पुण्यात मी पंचवीस वर्षं दाबेली खाते आहे आणि तिच्यात लवंग असते हे मला कधी कळलंच नव्हतं. कळणार कसं? अमूल बटरमध्ये पाव तळल्यासारखा भाजायचा, वर कच्चा कांदा, वर किसलेलं चीज, हल्ली तर मेयोनीजही. त्याखाली सारण कसलंही असलं तरी चालतं. हे खायला माझी ना नाही, पण पाटीवर ‘कच्छी दाबेली’ लिहू नये.

तवा_गरम:
पूर्ण असहमत. पदार्थ गाव सोडतो तेव्हा बदलतोच. कोल्हापूरची मिसळ आणि पुण्याची मिसळ एक आहे का? दोन्हींना मिसळच म्हणतो ना आपण? मूळ शोधायला निघालात तर मांडवीतही थांबता येणार नाही. बटाटा आणि पाव दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आले. मग काय, चुडासमांनी दाबेली केली हे चूक?

दुसरं म्हणजे पाव भाजण्यामागे कारण आहे. जुलैत पुण्यात पाव दुपारपर्यंत ओलसर होतो. तसाच चटणी लावून दिला तर हातात लगदा येईल. तव्यावर टाकला की कड कुरकुरीत होते आणि सारणही गरम लागतं. मांडवीची हवा तिथल्या दाबेलीला मानवते, इथली इथल्या.

रानवाट:
भाजण्याबद्दलचा मुद्दा मान्य, पावसाचा विचार मी केला नव्हता. पण मिसळीचं उदाहरण इथे लागू होत नाही. पुण्याची मिसळ स्वतःला ‘पुणेरी’ म्हणवते, कोल्हापूरचं नाव लावत नाही. दाबेलीच्या गाड्यावर गावाचं नाव आहे. नाव लावलंत तर निदान मसाला तरी त्या गावचा हवा.

मुलुंडचा_मांडवीकर:
माझे आजोबा मांडवीचे, माझा जन्म मुलुंडचा, शाळा मराठी. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलायचा मला हक्क आहे.

रानवाट, तुम्ही एका गाड्यावर खाल्लीत आणि तीच मूळ धरलीत. आमच्या घरी चातुर्मासात दाबेली होते ती बटाट्याशिवाय आणि लसणाशिवाय, कारण आम्ही जैन. सारण कच्च्या केळ्याचं. माझ्या आजीसाठी तीच खरी कच्छी दाबेली. आणि मांडवीत, भुजमध्येही आता बटरमध्ये भाजून मिळते, चीजही मिळतं. तिकडची पोरं आवडीनं खातात.

पण मसाल्याबद्दल तुमच्या बाजूनं. धणे, जिरे, बडीशेप, तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची, लवंग, दालचिनी हे सगळं भाजून कुटलेलं असलं पाहिजे. मुंबईत बऱ्याच ठिकाणी गरम मसाल्यात साखर घालून भागवतात. ते मला सहन होत नाही.

शेंगदाण्यांवरही कुणी बोलत नाही. तेलात परतून, तिखट-मीठ-मसाला लावून ते वेगळे करावे लागतात. नुसते खारे दाणे टाकले की दाबेली गेली. (गुजरातीत बऱ्याच भागांत शेंगदाण्यालाच ‘मांडवी’ म्हणतात. गावाच्या नावाशी त्याचा संबंध नाही, ते नाव जकात नाक्यावरून. लहानपणी मात्र मला वाटायचं की आमच्या गावाचं नाव दाण्यांवरूनच पडलं.)

सावली७:
मला वेगळंच विचारायचं आहे. वीस-पंचवीस रुपयांच्या पदार्थासाठी सासूबाईंना हजार किलोमीटर बसवून नेणं पटत नाही. माझ्या आईला गाडीत तीन तास बसलं की पाय सुजतात. प्रसिद्ध पदार्थ त्याच गावी जाऊन खायचा, हे खूळ मागच्या काही वर्षांत फार वाढलंय. रील बघून निघतात माणसं.

रानवाट:
सावली७, आईंच्या पायांची काळजी समजते. आम्ही दर दीड तासाला थांबत होतो, म्हणून तर दोन दिवस लागले. पण सासूबाईंना ‘नेलं’ नाही. कच्छला जायचं हे त्यांनीच ठरवलं होतं. २००१ च्या भूकंपानंतर त्यांच्या शाळेनं कपडे आणि धान्य गोळा करून भुजला पाठवलं होतं, पेट्या बांधायला त्या स्वतः होत्या. ते गाव एकदा बघायचं होतं त्यांना. दाबेली वाटेत आली.

सावली७:
हे माहीत नव्हतं. माझे शब्द मागे घेते. रीलबद्दलचं मत मात्र कायम.

तवा_गरम:
मुलुंडकरांनी माझंच काम केलं. कच्च्या केळ्याची दाबेली कच्छी असेल, मांडवीत चीजवाली मिळत असेल, तर पाटीवरून भांडण कशाला? साखर घातलेल्या मसाल्याविरुद्ध भांडा, मी पहिला सही करीन.

रानवाट:
केळ्यानं मसाला झाकला जात नाही, चीजनं जातो. माझा फरक तिथेच आहे आणि त्यावरून मी हलणार नाही.

तिथून मसाल्याची दोन पाकिटं आणली होती. गेल्या रविवारी घरी केली. अर्धा किलो उकडलेल्या बटाट्यांना तीन मोठे चमचे मसाला, तो आधी पाण्यात कालवून तेल सुटेपर्यंत परतला, मग बटाटा आणि थोडी चिंच-खजुराची चटणी. सारण ताटात थापून वर खोबरं, कोथिंबीर, डाळिंब. निम्मे पाव तसेच ठेवले, निम्मे जरा तेलावर भाजले. मुलांनी भाजलेले संपवले, सासूबाईंनी आणि मी न भाजलेले.

मुलुंडचा_मांडवीकर:
सारण थापल्यावर तासभर झाकून ठेवा, मसाला मुरतो. आणि पुढच्या वेळी शेंगदाणे किती घेतलेत तेही लिहा.